गुगल डॉक्सवर एकमेकांचं लेखन वाचताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईतल्या महाविद्यालयांत मराठीचा लेखी गृहपाठ आता बऱ्याचदा वहीऐवजी गुगल डॉक्सवर होतो, आणि शिक्षकांच्या आधी तो वर्गातलेच दोन-तीन जण वाचतात. या पद्धतीबद्दल विद्यार्थी जे विचारतात, ज्याची तक्रार करतात, ते प्रश्न इथे घेतले आहेत. उदाहरणं बारावीच्या उपयोजित मराठीची (मुलाखत, माहितीपत्रक, अहवाल, वृत्तलेख) आहेत; पदवीच्या वर्गांनाही तीच चालतील.

मॅम शेवटी तपासणारच आहेत. मग मित्राने का वाचायचं?

हा आक्षेप सगळ्यात जास्त येतो आणि त्यात तथ्य आहे. व्याकरणाचा नियम किंवा गुण कुठे जातील हे शिक्षकांनाच जास्त कळतं. पण शिक्षकांना विषय आधीच ठाऊक असतो. तुम्ही अर्धवट लिहिलेलं वाक्य त्यांच्या मनात आपोआप पूर्ण होतं. वर्गातला वाचक मात्र तिथे खरोखरच अडतो, आणि नेमकं कुठे अडला हे लिहिणाऱ्याला दुसऱ्या कुठल्याही मार्गाने कळत नाही.

दुसरं कारण वाचणाऱ्याच्या फायद्याचं. लुंडस्ट्रॉम आणि बेकर या दोन संशोधकांनी २००९ मध्ये इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचे दोन गट केले. एक गट फक्त अभिप्राय द्यायला शिकला, दुसरा फक्त मिळालेला अभिप्राय वापरायला. स्वतःच्या लेखनात जास्त सुधारणा देणाऱ्या गटाची झाली, त्यातही सुरुवातीला कच्च्या असलेल्यांची. दुसऱ्याचा परिच्छेद का विस्कटला हे शोधायची सवय लागली की स्वतःचा विस्कटलेलाही दिसू लागतो. त्यामुळे ‘माझं मराठी कच्चं आहे, मी काय सांगणार’ म्हणून मागे राहणाऱ्याने तर आधी वाचायला बसावं.

गट किती जणांचा असावा? कोणी कोणाचं वाचायचं?

चौघांचा. प्रत्येकाने दोघांचं वाचायचं. पहिल्याने दुसऱ्याचं आणि तिसऱ्याचं, दुसऱ्याने तिसऱ्याचं आणि चौथ्याचं, तिसऱ्याने चौथ्याचं आणि पहिल्याचं, चौथ्याने पहिल्याचं आणि दुसऱ्याचं. अशाने प्रत्येकाला दोन वाचक मिळतात आणि एकाने दांडी मारली तरी दुसरा उरतो. जोडीजोडीने केलं तर एकाच्या आळसामुळे दुसऱ्याचं अख्खं काम अडतं.

जिवलग मैत्रिणी एकाच गटात असल्या तरी हरकत नाही, फक्त त्यांनी एकमेकींचं वाचू नये; अशा वेळी वरचा क्रम बदलून दोघींनी गटातल्या उरलेल्या दोघांचं वाचावं आणि त्या दोघांनी यांचं. गट दोन-तीन गृहपाठ तसाच राहू द्या. दर वेळी नवे लोक आले की मोकळेपणाने लिहायला कोणी धजत नाही.

दस्त (म्हणजे डॉक्सवरची फाइल) कसा तयार करायचा? पायऱ्या सांगा.

१. प्रत्येकाने स्वतःचा वेगळा दस्त उघडावा. अख्ख्या गटाचा एकच दस्त करू नये; कोणाचा तरी परिच्छेद हमखास दुसऱ्याच्या मजकुरात मिसळतो.

२. नाव असं द्या : बारावी-अ, गट ५, रोल नंबर २३, वृत्तलेख, खर्डा १. ‘अनटायटल्ड डॉक्युमेंट’ नावाचे साठ दस्त शिक्षकांच्या ड्राइव्हमध्ये जमले की कोणाचं काय ते शोधण्यातच तासिका जाते.

३. वर उजवीकडे ‘शेअर’ दाबा. दोन्ही वाचकांचे ईमेल पत्ते टाका आणि शेजारच्या यादीतून ‘कमेंटर’ निवडा. ‘एडिटर’ नको. शिक्षकांना मात्र ‘एडिटर’ ठेवा, कारण दस्ताचा जुना इतिहास फक्त एडिटरलाच दिसतो.

४. मजकुराच्या वर तीन ओळी लिहा : हे कोणासाठी लिहिलंय, मला कुठे शंका आहे, वाचकाने काय बघावं. ‘शेवटचा परिच्छेद ओढूनताणून आणल्यासारखा वाटतो का?’ असा एक नेमका प्रश्न असला की अभिप्रायही नेमका येतो. या तीन ओळी बहुतेक जण गाळतात आणि मग वाचक वरवरचं बोलतात अशी तक्रार करतात.

नुसती लिंक ग्रुपवर टाकली तर चालणार नाही का?

चालतं, पण दोन भानगडी होतात. एक, ‘एनीवन विथ द लिंक’ केलं तरी परवानगी आधी ‘व्ह्यूअर’ असते. ती बदलून ‘कमेंटर’ करावी लागते. ते राहून गेलं की वाचकाला मजकूर दिसतो, पण लिहिता काहीच येत नाही. दोन, कोणी लॉगिन न करता लिंक उघडली तर त्याच्या नावाच्या जागी अनोळखी प्राण्याचं चित्र येतं. शेरा कोणी दिला हेच कळलं नाही, तर ‘म्हणजे काय म्हणायचंय तुला?’ असं विचारायचं कोणाला?

आणि ‘यू नीड ॲक्सेस’ असं आलं तर आधी खातं बघा. बऱ्याच मुलांच्या फोनवर दोन खाती असतात, एक घरचं आणि एक कॉलेजचं, आणि लिंक भलत्याच खात्यातून उघडते. काही कॉलेजांच्या खात्यांना बाहेरच्या जीमेलशी दस्त शेअर करायची मुभाच नसते. तिथे गटातल्या सगळ्यांनी कॉलेजचंच खातं वापरावं.

मित्राने माझी वाक्यंच बदलून टाकली. आता?

तो ‘एडिटर’ होता म्हणून हे झालं. संगणकावर ‘फाइल’मध्ये ‘व्हर्जन हिस्टरी’ उघडा. उजवीकडे तारीख-वेळेनुसार यादी दिसेल. त्याने हात लावण्याआधीची नोंद निवडा आणि ‘रिस्टोअर’ दाबा. मूळ मजकूर परत येतो. मधल्या काळात तुम्ही स्वतः काही चांगलं लिहिलं असेल तर ते आधी वेगळीकडे उतरवून घ्या, कारण रिस्टोअर केल्यावर तेही नजरेआड जातं.

पुन्हा असं होऊ नये म्हणून परवानगी ‘कमेंटर’ करा. मग वाचकाने मजकुरात काही टाइप केलं तरी ती फक्त सूचना ठरते : नवे शब्द रंगीत, जुने शब्द खोडलेले, आणि शेजारी बरोबरची व फुलीची खूण. स्वीकारायचं की नाकारायचं ते लिहिणाऱ्याच्या हातात. आमचा आग्रह याहून थोडा पुढचा आहे. पहिल्या खर्ड्यावर सूचनाही नकोत, फक्त कमेंट. रंगीत शब्द समोर आले की मुलं भराभर बरोबरच्या खुणेवर टिचकी मारत जातात आणि वाक्य का बदललं याचा विचार होतच नाही. वाक्य लिहिणाऱ्याचं आहे, ते त्यानेच दुरुस्त करावं. वाचकाने आपण कुठे अडलो तेवढं सांगावं.

‘छान लिहिलंस’ याशिवाय काय लिहायचं तेच सुचत नाही.

सुचत नाही, कारण एकदाच वाचून लगेच शेरा द्यायला बसता. मजकूर दोनदा वाचा. पहिल्यांदा हात कीबोर्डवर न ठेवता, सलग. दुसऱ्यांदा वाचताना जिथे मागे जाऊन परत वाचावं लागलं, ते शब्द निवडा आणि कंट्रोल, ऑल्ट, एम एकत्र दाबा. चारशे शब्दांच्या मजकुराला असं वीस-पंचवीस मिनिटं लागतात. बाजूला तीन कमेंट आणि शेवटी एक, एवढं पुरतं. पंधरा कमेंट दिल्या तर समोरचा त्यातल्या सगळ्यात सोप्या चार निवडतो.

एक उदाहरण जवळून बघू. ठाणे खाडीवरच्या वृत्तलेखातलं हे वाक्य :

*‘खाडीत दरवर्षी लाखो फ्लेमिंगो येतात म्हणून तिचं संरक्षण झालं पाहिजे आणि तिला रामसर दर्जा मिळाला आहे त्यामुळे आपण सर्वांनी पुढे यायला हवं.’*

पहिला शेरा : ‘वाक्य मोठं झालंय.’ खरं आहे, पण याचं लिहिणाऱ्याने करायचं काय? तो मध्ये एक पूर्णविराम टाकेल आणि मोकळा होईल.

दुसरा शेरा : ‘“संरक्षण झालं पाहिजे” हे तुझं मत आहे आणि रामसर दर्जा ही बातमी. दोन्ही एकाच वाक्यात आल्याने दर्जा मिळालाय की मिळायला हवा, असा माझा गोंधळ झाला. दर्जा कधी मिळाला? “लाखो” हा आकडा कुठून घेतलास?’

या शेऱ्यानंतर लिहिणारीला शोधाशोध करावी लागते. अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, खाडीचं नाव २०२२ मध्ये आलं, आणि ऐरोलीला किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथे जाऊन माहिती घेता येते. मग वाक्य असं होतं :

*‘ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये रामसर यादीत गेलं. दर्जा मिळाला, पण भरतीबरोबर किनाऱ्याला लागणारं प्लास्टिक अजून थांबलेलं नाही.’*

दुसरं वाक्य वाचकाने सांगितलेलं नाही. ते लिहिणारीला स्वतःला सुचलं, कारण मत आणि माहिती वेगळी केल्यावर मताला आधार लागतो हे तिला दिसलं. चांगल्या शेऱ्यात तीन गोष्टी असतात : मजकुरातले दोन-तीन शब्द जसेच्या तसे, वाचताना काय झालं ते, आणि एक प्रश्न.

मैत्रिणीला वाईट वाटेल म्हणून खरं लिहवत नाही.

‘तू’ने सुरू होणारं वाक्य टाळा, ‘मी’ने सुरू करा. ‘तू विषय सोडून गेलीस’ याऐवजी ‘तिसऱ्या परिच्छेदात मला वाटलं आता मुलाखत सुरू होणार, पण पुन्हा प्रस्तावनाच आली.’ वाचकाने स्वतःचा अनुभव सांगितला की त्यावर रागवायला जागा राहत नाही. आवडलेलं एक वाक्यही निवडा आणि का आवडलं ते सांगा. हे केवळ गोड बोलण्यासाठी नाही. पुढच्या खर्ड्यात काय तसंच ठेवायचं, हेही लिहिणाऱ्याला कळायला हवं. नाहीतर दुरुस्तीच्या भरात चांगलं वाक्यही उडतं.

तोंडावर बोलताना गप्प राहणारी मुलं कमेंटमध्ये बरीच मोकळी होतात, ही या पद्धतीची मोठी जमेची बाजू. उलट, काहींची भाषा पडद्याआड गेली की धारदार होते. अशा शेऱ्याला कमेंटमध्ये उत्तर देत बसू नका. वर्गात समोरासमोर विचारा.

मी लिहीत असताना दुसऱ्याचा कर्सर दिसतो आणि मला पुढे लिहिताच येत नाही.

ही अडचण खूप जणांना येते. मग पहिला खर्डा होईपर्यंत दस्त कोणाशीही शेअरच करू नका. पूर्ण झाला, एकदा स्वतः मोठ्याने वाचला, की शेअर करा. एकत्र बसून एकाच वेळी लिहिणं सामूहिक अहवालाला ठीक. स्वतःच्या लेखनाला एकांत लागतो.

दुसरा वाचक पहिल्याच्याच कमेंटखाली ‘सेम’ लिहितो.

कारण त्याला ती आधी दिसते. उपाय असा : दोन्ही वाचकांनी आपले शेरे आधी वहीत किंवा फोनच्या नोट्समध्ये लिहायचे आणि ठरलेल्या वेळी, म्हणजे समजा बुधवारी रात्री नऊ वाजता, एकदमच चढवायचे. एवढं करूनही दोघं एकाच जागी अडले असतील, तर ती जागा नक्कीच कच्ची आहे. त्या ‘सेम’ला मग खरंच किंमत येते.

दोन वाचकांनी एकमेकांच्या उलट सांगितलं तर?

एक म्हणतो सुरुवात लांबली, दुसरी म्हणते सुरुवातच आवडली. दोघांची कारणं वाचा. बऱ्याचदा दोघं वेगवेगळ्या ओळींबद्दल बोलत असतात. निर्णय तुमचा. शेरा नाकारायलाही हरकत नाही, फक्त त्याखाली एका ओळीत कारण लिहा आणि मगच ‘रिझॉल्व्ह’ करा. ‘रिझॉल्व्ह’ केलेली कमेंट पुसली जात नाही, वरच्या कमेंटच्या चिन्हात सापडते. शिक्षकांना ती तिथे वाचता येते.

आणखी एक : ज्या शब्दांवर कमेंट आहे ते शब्दच खोडून टाकले तर कमेंट बाजूच्या समासातून नाहीशी होते. आधी उत्तर द्या, मग खोडा.

सगळे ऱ्हस्व-दीर्घच काढतात.

ते सोपं असतं म्हणून. पहिल्या फेरीत शुद्धलेखनाला बंदी घाला. जो परिच्छेद पुढे उडणारच आहे, त्यातल्या वेलांट्या सुधारून काय मिळणार? दुसऱ्या खर्ड्यावर एक वेगळी फेरी फक्त शुद्धलेखनाची करा. तेव्हा प्रत्येक दुरुस्तीपुढे नियम लिहायचा. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ मध्ये वाढवलेले चार, असे अठराच नियम आहेत. शाळेच्या व्याकरणाच्या पुस्तकात मिळतात. ‘मला असं वाटतं’ हा नियम होत नाही. डॉक्समधल्या लाल रेघांवरही विसंबू नका. दस्ताची भाषा इंग्रजी राहिली असेल तर मराठीचं तपासणं होणारच नाही. ‘फाइल’मध्ये ‘लँग्वेज’ला जाऊन मराठी करा आणि तरीही शब्दकोश हाताशी ठेवा.

कथेतली आजी आगरीत बोलते. वाचकाने ते सगळं ‘शुद्ध’ करून ठेवलं.

हे व्हायला नको होतं. दिवाळे, सारसोळे, करावे, घणसोली अशा गावठाणांतल्या मुलांच्या घरात आगरी-कोळी बोली रोज बोलली जाते. पात्राच्या तोंडी ‘पाणी’चं ‘पानी’ आणि ‘डोळे’चं ‘डोले’ झालं तर ती चूक नव्हे. वाचकाने एवढंच बघावं की बोली अवतरणचिन्हांच्या आत आहे का, एकच पात्र कधी आगरी आणि कधी पुस्तकी बोलत नाही ना, आणि बोली न येणाऱ्यालाही अर्थ लागतो का. निवेदनात बोली मध्येच डोकावली तर मात्र विचारावं : हे मुद्दाम केलंयस का? ज्या मुलांना बोली येते त्यांनी अशा कथेचे वाचक आवर्जून व्हावं. तिथे त्यांच्याइतकं शिक्षकांनाही कळत नाही.

माझ्याकडे फक्त फोन आहे.

बहुतेकांकडे तेवढंच असतं. डॉक्सचं ॲप घ्या. ब्राउझरमधून फोनवर काम नीट होत नाही. शब्दावर बोट दाबून धरलं की निवड होते आणि कमेंटचा पर्याय येतो. सूचना द्यायची असेल तर वरच्या तीन ठिपक्यांत ‘सजेस्ट चेंजेस’ सुरू करा. ते विसरलात आणि एडिटर असाल तर थेट मजकूरच बदलतो. जीबोर्ड या गुगलच्या कीबोर्डमध्ये मराठी घेतलं की बोलूनही टाइप होतं, पण विरामचिन्हं नंतर हाताने घाला.

वाशी-ठाणे लोकलमध्ये उभ्याने शेरे द्यायचे नाहीत. पहिलं सलग वाचन गाडीत जरूर करा. दस्त आधी ‘मेक अव्हेलेबल ऑफलाइन’ करून ठेवा म्हणजे रेंज गेली तरी उघडतो. शेरे घरी बसून.

सायबर कॅफेत वर्डमध्ये टाइप केलेलं डॉक्समध्ये उघडलं तर अगम्य अक्षरं दिसतात.

तिथे जुना, युनिकोड नसलेला फाँट वापरला असणार. डॉक्सला तो कळत नाही. मजकूर आधी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि मग रफार, जोडाक्षरं, ऱ्य आणि ॲ या जागा डोळ्यांनी तपासा, कारण तिथेच घोळ होतो. मुळात युनिकोडमध्येच टाइप करून घेतलंत तर हा खटाटोप वाचतो.

एआयकडून शेरे लिहून घेतले तर?

ते ओळखू येतात. ‘लेखन प्रभावी आहे, अधिक उदाहरणे दिल्यास आणखी चांगले होईल’ हा शेरा कुठल्याही निबंधाला लागू पडतो. प्रत्येक शेऱ्यात मजकुरातले शब्द असलेच पाहिजेत, हा नियम इथेही उपयोगी पडतो. शिवाय दुसऱ्याचा खर्डा त्याला न विचारता कुठल्याही ॲपमध्ये टाकणं योग्य नाही. त्याने तो तुमच्यावर विश्वास ठेवून दिलेला असतो.

शिक्षकांसाठी : वेळापत्रक आणि गुण कसे ठेवावेत?

सोमवारी रात्री नऊपर्यंत खर्डा, बुधवारी नऊपर्यंत शेरे, गुरुवारच्या तासिकेत गटागटाने पंधरा मिनिटं बोलणं, रविवारी दुसरा खर्डा. गुरुवारचं बोलणं गाळू नका. अर्धे गैरसमज तिथेच मिटतात. शेरे उशिरा येतात ही विद्यार्थ्यांची मोठी तक्रार असते, आणि दुसऱ्या खर्ड्याच्या आदल्या रात्री आलेला शेरा कितीही चांगला असला तरी वापरला जात नाही.

विद्यार्थ्यांना एकमेकांना गुण द्यायला लावू नका. गुण आले की मैत्री आणि हिशेब दोन्ही मध्ये येतात. वीसपैकी चार गुण दिलेल्या शेऱ्यांच्या दर्जाला आणि तीन गुण ‘कोणते शेरे घेतले, कोणते नाकारले, का’ या पाच ओळींच्या टिपेला ठेवा. गुगल क्लासरूममध्ये गृहपाठ देताना ‘प्रत्येकासाठी वेगळी प्रत’ निवडलीत तर ती प्रत वर्गमित्रांना आपोआप दिसत नाही, शेअर करावी लागते. आणि विद्यार्थ्याने ‘टर्न इन’ केलं, म्हणजे गृहपाठ जमा केला, की त्याला त्या दस्तात बदल करता येत नाही. म्हणून दोन्ही फेऱ्या झाल्यावरच ‘टर्न इन’ करायला सांगा.

पत्रलेखन किंवा अर्ज असेल तर खरा पत्ता आणि मोबाइल नंबर दस्तात लिहू देऊ नका.

वर्ष संपल्यावर दस्तांचं काय करायचं?

शेअर केलेली लिंक ‘रिस्ट्रिक्टेड’ करा, म्हणजे जुन्या ग्रुपमधून कोणी उघडणार नाही. स्वतःसाठी ठेवायचं असेल तर वर्डच्या स्वरूपात डाउनलोड करा. त्यात कमेंटही येतात, पीडीएफमध्ये येत नाहीत. दस्ताची प्रत काढली तर तिच्यात आधीचा इतिहास नसतो, हेही लक्षात ठेवा. कॉलेजचं खातं बाहेर पडल्यावर बंद होऊ शकतं, त्यामुळे हे काम निकालाची वाट न बघता परीक्षेआधीच उरकून घ्या.